फ्लेक्सवर हवालदारच लिहा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या गावोगावच्या सेवापूर्ती सोहळा समित्या, तरुण मंडळं, फ्लेक्स छापणारे, माईक हातात धरणारे, आणि 'एवढी वर्षं करून हवालदारच?' असं विचारणारी समस्त पाहुणेमंडळी

जय हिंद आणि रामराम.

२०२२ साली तोफखान्यातली २६ वर्षांची नोकरी संपवून मी घरी आलो, तेव्हा तुम्ही केलेलं स्वागत मी विसरणार नाही. नाशिकरोड स्टेशनवर पंधरा-वीस मोटारसायकली, भगूर ओलांडलं की उघडी जीप, वेशीवर डीजे, जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं. आई जिवंत असती तर जेसीबी बघून घाबरली असती. पोरांनी वर्गणी काढून हे सगळं केलं होतं आणि त्यात कुणाचा एक रुपयाचाही स्वार्थ नव्हता. म्हणून पुढे जे लिहितोय ते रागाने लिहितोय असं समजू नका. थोडा राग आहे, पण तो तुमच्यावरचा नाही.

चौफुलीवर पंधरा फुटी फ्लेक्स होता. त्यावर ठळक अक्षरात 'मेजर' आणि पुढे माझं नाव. खाली फोटो. चेहरा माझा, आधार कार्डावरचा. धड कुणाचं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. खांद्यावर ऑफिसरची चिन्हं, छातीवर रिबनांच्या चार ओळी, त्यातल्या निम्म्या मी कधी जवळून पाहिल्याही नव्हत्या. फ्लेक्सवाल्या पोराने मोबाईलवर शोधून कुठल्या तरी साहेबाचं धड उचललं आणि त्यावर माझी मुंडी बसवली. गळ्यापाशी रंग जुळला नव्हता, तिथे त्याने झेंडूचा हार टाकून वेळ मारून नेली.

स्वागताला माझा भरतीचा जोडीदार आला होता, निफाडकडचा. १९९६ ला आम्ही एकाच दिवशी भरती झालो. नाशिकरोड कॅम्पच्या आर्टिलरी सेंटरला आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या, आमच्या ट्रंकांना रंगही एकाच डब्यातला लागला. तो आता सुभेदार. सुट्टीवर होता म्हणून आला. फ्लेक्सखाली उभा राहून त्याने मला कडक सॅल्यूट ठोकला आणि मिशीत हसत म्हणाला, "मेजर साहब, बढती कब हुई?"

दुपारी पंगत उठल्यावर सिन्नरच्या एका पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं. माणूस सज्जन, मुलीसाठी स्थळं बघत होते, माझ्या पुतण्याची चौकशी करायची होती. त्यांनी विचारलं, मेजर म्हणजे नेमकं काय हो, पेन्शन किती बसते? मी म्हणालो, मी मेजर नाही, हवालदार आहे. ते गप्प झाले. मग मान हलवून म्हणाले, "२६ वर्षं करून हवालदारच?" त्यांचा आवाज असा होता की जणू मी बारावीला चार वेळा नापास झालोय.

सकाळी तुम्ही मला नसलेल्या पायरीवर चढवलं आणि दुपारी असलेल्या पायरीवरून खाली ढकललं. गेली काही वर्षं मी आजूबाजूच्या गावांतल्या अशा सोहळ्यांना जातोय. प्रत्येक ठिकाणी हेच. म्हणून हे पत्र.

आपल्या गावात फौजेतला कुणीही आला की तो मेजर असतो. काल भरती झालेलं पोरगं पहिल्या सुट्टीला आलं तरी पारावरची म्हातारी माणसं म्हणतात, "काय मेजर, कधी आला?" तो प्रेमाचा शब्द आहे, तो बोलायला माझी हरकत नाही. बोला. पण छापू नका. कारण मेजर ही खरोखरची रँक आहे, ती ऑफिसरांची आहे, आणि तिचा आमच्या शिडीशी संबंध नाही. कमिशन, म्हणजे ऑफिसरपदाची नेमणूक, घेऊन आलेला ऑफिसर साधारण २ वर्षांनी कॅप्टन होतो, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. २००४ च्या डिसेंबरपासून हे असं कालबद्ध आहे. तिथवर परीक्षा पास होत गेला की रँक वर्षांच्या हिशोबाने येते. कर्नलपासून पुढे मात्र निवड लागते, आणि तिथे चांगले चांगले साहेब थांबतात. त्यांना कुणी 'एवढी वर्षं करून लेफ्टनंट कर्नलच?' असं विचारत नाही, कारण कर्नल हा शब्द कानाला भारी वाटतो.

हवालदार हा शब्द आपल्या कानाला हलका लागतो, खरं दुखणं तिथेच आहे. मराठी माणसाला हवालदार म्हटलं की नाक्यावर चहा पिणारा पोलीस दिसतो. सुभेदार म्हटलं की मल्हारराव होळकर दिसतात, चांदवडचा रंगमहाल आठवतो. नाईकाची तर आणखी पंचाईत. आमच्या शेजारच्या गावात एकाच्या फ्लेक्सवर 'नाईक' बरोबर छापलं, तर लोक विचारायला लागले की ह्याने आडनाव कधी बदललं.

आता जरा आपल्याच इतिहासात डोकवा. शिवाजी महाराजांच्या पायदळात सगळ्यात खालच्या तुकडीवर नाईक असायचा आणि पाच नाईकांवर एक हवालदार. घोडदळात पंचवीस स्वारांमागे हवालदार. आणि गडावर? गडाचा मुख्य अंमलदार हवालदार. संध्याकाळी दरवाजे बंद करून किल्ल्या ताब्यात ठेवणारा तोच. ज्या शब्दाच्या कमरेला कधी काळी गडाच्या किल्ल्या होत्या, तो शब्द आज लग्नाच्या बोलणीत लपवावा लागतो.

आमची शिडी अशी आहे. खाली शिपाई, तोफखान्यात त्याला गनर म्हणतात. मग लान्स नाईक, नाईक, हवालदार. इथपर्यंत बाहीवर फीत, एक, दोन आणि तीन. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. तिथे फीत सुटते आणि खांद्यावर तारा येतो, मेस बदलते, लोक साहेब म्हणायला लागतात. हवालदार आणि नायब सुभेदार यांच्यामध्ये पायरी नाही, उंबरठा आहे. आणि तो फार उंच आहे. का, ते सांगतो.

बोफोर्स तोफांची एक रेजिमेंट घ्या. तीन बॅटऱ्या, एका बॅटरीत सहा तोफा, म्हणजे अठरा तोफा. प्रत्येक तोफेवर एक तुकडी, त्या तुकडीचा मुख्य हवालदार. त्याला नंबर वन म्हणतात. शिवाय बॅटरी हवालदार मेजर, क्वार्टरमास्टर हवालदार, वायरलेसवाले, गाड्यांवाले, सर्व्हेवाले वेगळे. एवढ्या हवालदारांच्या डोक्यावर नायब सुभेदाराच्या जागा मोजक्या, त्यातून सुभेदाराच्या आणखी कमी, आणि अख्ख्या रेजिमेंटला सुभेदार मेजर एकच. कुणाला काढून दुसऱ्याला बसवता येत नाही. वरचा घरी जाईल, तेव्हा खालचा सरकेल.

माझी बायको हे माझ्यापेक्षा बरं समजावते. सिन्नरचे पाहुणे गेल्यावर जावेने तिला तेच विचारलं, तर ही भाकरी थापता थापता म्हणाली, "गावात सरपंच किती असतात गं?"

त्यात आणखी एक घड्याळ चालू असतं. कोणत्या रँकवर असताना एकूण किती वर्षं नोकरी करता येते ते ठरलेलं आहे. आमच्या वेळच्या भरतीसाठी शिपाई १७ वर्षं, नाईक २२, हवालदार २४, नायब सुभेदार २६, सुभेदार २८, सुभेदार मेजर ३२. तब्येत आणि रेकॉर्ड ठीक असेल, तर प्रत्येकाला वर दोन वर्षं मिळतात. वयाची अट निराळी. म्हणजे हवालदाराला फार तर २६ वर्षं. तेवढ्यात जागा निघाली तर खांद्यावर तारा, नाही निघाली तर घर.

माझी तारीख होती ३१ जुलै. कॅडर म्हणजे बढतीचा कोर्स पास होतो, नकाशावाचन पास होतो, शेवटचे पाचही वार्षिक अहवाल चांगले होते, शिक्षा एकही नाही. यादीत माझं नाव पहिलं. एक सुभेदार ३१ ऑगस्टला घरी जाणार होते. ते गेले की त्यांच्या जागी नायब सुभेदार सरकणार आणि त्याच्या जागी मी. एक महिना. तीस दिवस पुढे-मागे भरती झालो असतो, तर तुमचा फ्लेक्स थोडा तरी कमी चुकीचा ठरला असता. युनिटच्या क्लर्कने मला बोलावून यादी दाखवली, बिचाऱ्याचा चेहराच पडला होता. मी म्हणालो, चहा पाज. आणि काय म्हणणार?

आणि निफाडवाला? तो माझ्यापेक्षा हुशार होता का? फायरिंगला माझ्यापेक्षा कच्चा होता, धावण्यात सरस होता. फरक एवढाच की ट्रेनिंगनंतर त्याचं नाव एका युनिटला लागलं आणि माझं दुसऱ्या. पायदळात पलटणीतल्या पलटणीत बढती होते, आमच्याकडेही युनिटच्या आत यादी चालते, तर काही ट्रेडची, म्हणजे कामाच्या प्रकारांची, यादी सगळ्या देशाची मिळून एक असते. त्याच्या युनिटमध्ये त्याच्या वरची पिढी लवकर घरी गेली. माझ्या युनिटमध्ये माझ्या आधी एक मोठी भरती झालेली, सगळे एकाच वयाचे, सगळे धडधाकट, कुणीच हलेना. द्राक्षाच्या एकाच वेलीचे दोन घड असतात, एकाला ऊन मिळतं, दुसरा पानाआड राहतो. निफाडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तो स्वतःच म्हणतो, मला फक्त युनिट चांगलं लागलं.

आता बाकीच्यांचं. फौजेत मागे राहिलेल्या प्रत्येकाची गोष्ट माझ्यासारखी नसते.

आमचा एक गनर होता, चांदवडचा. १९९९ ला द्रासच्या बाजूला आम्ही होतो. कारगिलच्या त्या दोन-अडीच महिन्यांत तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेटं डागली, असं सरकारी आकडा सांगतो. आकडा वाचायला सोपा आहे. बोफोर्सचा एक गोळा सुमारे ४३ किलोचा, कांद्याच्या भरलेल्या गोणीपेक्षा थोडा कमी. तो ट्रकमधून उतरवायचा, पुसायचा, फ्यूज लावायचा, तोफेत घालायचा, आणि परत पुढचा. रात्रभर. कानात कापसाचे बोळे. पहाटे हा चांदवडवाला मला काहीतरी विचारत होता आणि मी उत्तर देत होतो, पण दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून दोघेही हसत होतो. माझे कान आठवड्यात परत आले. त्याचा डावा आलाच नाही.

फौजेत तब्येतीची पाच अक्षरं आहेत, त्यांना शेप म्हणतात. मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. पाचही ठिकाणी एक असेल तर माणूस शेप वन. एका ठिकाणी जरी दोन झाला, की कॅटेगरी लागली म्हणतात, आणि कॅटेगरी लागलेल्या माणसाची बढती अडकते. लढाईत जखमी झालेल्यांना सवलती आहेत. पण याचं कागदावर असं आलं की कान हळूहळू गेला. तो लढाईतच गेला, हे त्याला सिद्ध करता आलं नाही. चांदवडचा तो गनर नाईक म्हणून घरी आला. आता त्याच्या डाव्या बाजूला बसून बोललात तर तो नुसता मान हलवतो, आणि गावातले लोक म्हणतात, मेजरला गर्व आलाय.

दुसरा निफाड तालुक्यातलाच, द्राक्षवाला. फेब्रुवारीत सुट्टीवर आला आणि गारपीट झाली. माल काढणीला आलेला, मंडप आडवा, बाप अंथरुणावर. नऊ दिवस उशिरा पोचला. फौजेत सुट्टी संपूनही न येणं हा गुन्हा आहे, १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कलमच आहे. कमांडिंग ऑफिसरसमोर उभा केला, शिक्षा झाली, लाल शाईची नोंद पडली. लाल शाई पडली की काही काळ बढती थांबते, आणि तेवढ्या काळात मागचे पुढे जातात. त्याने नऊ दिवस गमावले असं तुम्हाला वाटेल. त्याने सहा वर्षं गमावली. साहेबांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. एकाला गारपीट माफ केली, तर दुसऱ्याला पूर माफ करावा लागतो आणि तिसऱ्याला साखरपुडा.

काहीजण दारूपायी राहिले, काहीजण तोंडापायी. तेही लिहून टाकतो, नाहीतर म्हणाल की हा आपल्या जातभाईंची वकिली करतोय. दोघेतिघे मला माहीत आहेत ज्यांना फीत न देऊन फौजेने फितीवर उपकार केले.

मग ट्रेडमनवाले. लंगरचा स्वयंपाकी, धोबी, न्हावी. भरती झाले तेव्हा त्यांनीही तीच शपथ घेतली, ते रायफलही चालवतात, बर्फातही तेच असतात. पण एका युनिटमध्ये न्हावी किती लागतात? मोजून थोडे. त्यांच्या डोक्यावर जागाच नाहीत, तर चढणार कुठे? सियाचीनच्या वाटेवर आम्हाला गरम पुऱ्या खाऊ घालणारा आमचा कूक फार उशिरा नाईक झाला आणि त्यावर खूश होता. त्याच्या गावातल्या कार्यक्रमात तो 'जेवण बनवायचा' हे कळू नये म्हणून मुलांनी सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिथे होतो. माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

अहवालाचंही ऐका. आमचा वार्षिक गोपनीय अहवाल साहेब लिहितात, त्यात शेरे असतात. 'हाय ॲव्हरेज' हा शेरा वाचून तुम्हाला काय वाटेल? चांगलाच आहे ना? तो 'अबव्ह ॲव्हरेज'च्या खालचा आहे. वरच्या रँकसाठी शेवटचे पाच अहवाल बघतात, आणि त्यातल्या बहुतेकांत 'अबव्ह ॲव्हरेज' लागतो. एक नवा साहेब आला, त्याला हात आखडून शेरे द्यायची सवय असली, की त्या वर्षीचे सगळे पाच वर्षं त्याचं ओझं वाहतात. इथे माझी खरी तक्रार आहे आणि ती मी नोकरीत असतानाही बोललो होतो. शेरा माणसाला दाखवून, समजावून दिला पाहिजे. काही साहेब ते मन लावून करायचे, काही सहीपुरते बोलवायचे.

सगळ्यात जास्त लोकांना न कळणारी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. पुष्कळ जण मुद्दामच थांबतात.

वर जी वर्षं सांगितली ती परत बघा. शिपायाला १७ वर्षांत घरी येता येतं. पेन्शनला १५ वर्षं पुरतात. नाईक झालात की मुक्काम वाढला, हवालदार झालात की आणखी वाढला. मग ज्याच्या घरी म्हातारी आई एकटी आहे, पोरगी दहावीला आहे, चार एकर वाट्याने दिलेत आणि वाटेकरी बांध कोरतोय, तो काय करतो? कॅडरचं नाव आलं की कागदावर लिहून देतो, मी इच्छुक नाही. आमच्या भाषेत अनविलिंग. सही करताना माणूस कसा दिसतो ते मी पाहिलंय. पेन उचलतो, ठेवतो, बाहेर जाऊन घरी फोन करून येतो, आणि मग एका झटक्यात सही करतो, जणू इंजेक्शन घेतोय. त्याच्यापेक्षा धाकटी पोरं त्याच्या डोळ्यांदेखत फिती लावतात आणि तो त्यांना जय हिंद म्हणतो. अशा माणसाला वेशीवर उतरवून तुम्ही विचारता, १७ वर्षांत काहीच प्रगती नाही? अरे, तो तुमच्यात परत यायचं म्हणून थांबला होता.

पैशाचं विचाराल, तर इतकं वाईट नाही. रँक मिळाली नाही तरी ठराविक वर्षांनी पगार वरच्या पायरीचा होतो, ८, १६ आणि २४ वर्षांनी. या योजनेला आम्ही एमएसीपी म्हणतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात हवालदाराचा मूळ पगार २९,२०० पासून सुरू होतो, नायब सुभेदाराचा ३५,४०० पासून. मला शेवटी वरची पायरी मिळाली होती. म्हणजे पगार नायब सुभेदाराच्या पायरीचा, बाहीवर फीत हवालदाराची. ज्या पाहुण्यांना स्थळासाठी हिशोब लागतो त्यांनी हे टिपून ठेवावं. पण ते पैसे आहेत, पद नाही. 'वन रँक वन पेन्शन' या योजनेच्या नावातच रँक बसली आहे. १ जुलै २०१४ पासून ती लागू झाली, सारखी रँक आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन. म्हणून घरी आल्यावरही रँक सुटत नाही. देवळालीच्या कँटीनच्या रांगेत, पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीवर ती सगळीकडे आपल्याबरोबर येते. तिथे कुणी मेजर म्हणत नाही, कार्ड बघतात.

काही हवालदारांना निवृत्तीवेळी मानद नायब सुभेदार करतात, आणि सुभेदारांपैकी काहींना २६ जानेवारी-१५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट किंवा कॅप्टन. तुमच्या गावात असा कुणी असेल तर 'मानद' हा शब्द गाळू नका, तो कमीपणाचा नाही, आणि गाळला तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं.

परवा एक शिकलेला पोरगा मला म्हणाला, काका, रँक नाही मिळाली म्हणजे शौर्य कमी पडलं असेल ना. त्याला मी शेजारच्या नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव सांगितले. मराठा पलटणीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीच्या काठावर त्यांनी जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून पलीकडे नेलं, मग एकटे फिरून मशीनगनची ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लष्करातला त्यावेळचा सगळ्यात मोठा सन्मान. आणि निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. त्यांच्यापुढे मी माझा एक महिना काय घेऊन बसू?

अग्निवीरांचं गणित निराळं आहे, ते इथे फार काढत नाही. २०२२ च्या जूनमध्ये योजना आली, चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा पोरं पुढे राहणार. म्हणजे आता तुमच्या वेशीवर ऐन विशीतली पोरं परत येतील. त्यांना 'चारच वर्षं?' हा प्रश्न विचारू नका, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. पाहिजे तर त्याची वेगळी चिठ्ठी लिहीन.

माझी तोफ सांगायची राहिलीच. नंबर वन म्हणजे काय ते. फायरिंगचा हुकूम मागून येतो, साहेबाकडून, वायरलेसवर. पण तोफेपाशी उभा असतो तो हवालदार. कोन बरोबर लागलाय का, फ्यूज बरोबर बसलाय का, लोडर बाजूला झालाय का, मागे कुणी उभं नाही ना, हे तो बघतो. एकही गोष्ट खटकली तर हात वर करून थांबवतो, मग मागून कितीही मोठ्या साहेबाचा हुकूम असो. देवळालीच्या रेंजवर एकदा मी असा हात वर धरला होता. नव्या पोराचा बूट चिखलात अडकला होता, तोफ मागे येते त्या रेषेत. वायरलेसवर शिव्या चालू होत्या. पोराने बूट तिथेच सोडला आणि पाय काढला, मग मी हात खाली केला. पांढुर्लीकडच्या आमच्या घरात त्या दिवशी नेहमीसारखी भांडी वाजली असतील. लहानपणी तो आवाज आला की आजी फळीवरचे पितळी डबे मागे सरकवायची आणि म्हणायची, आली कॅम्पातली तोफ. तिला काय माहीत की पुढे तिचाच नातू ती तोफ थांबवून उभा राहणार आहे. तेरा वर्षं मी त्या जागेवर होतो. त्या तेरा वर्षांत माझ्या तोफेवर एकाही पोराला इजा झाली नाही. 'हवालदारच' म्हणून विचारलंत, तर हे उत्तर आहे. माईकवर सांगायला वेळ मिळाला नव्हता.

आता कामाचं. पुढच्या महिन्याच्या शेवटी आपल्याकडे एक नाईक येतोय. इंजिनियर्सचा आहे, २४ वर्षं झाली. वर्गणी चालू झालीय असं कळलं, माझे हजार रुपये धरा. डीजे वाजवा, जेसीबी आणा, फेटे बांधा. फ्लेक्स छापायच्या आधी प्रूफ मला दाखवा. त्यावर 'नाईक' लिहा, आणि आडनाव वाटू नये म्हणून आधी 'भारतीय सेना, इंजिनियर्स' असं लिहा. फोटो त्याच्या बायकोकडे आहे, मी बघितलाय, युनिटमध्ये काढलेला, चांगला स्पष्ट आहे. त्यात त्याची दोन फितींची बाही पूर्ण दिसते. जागा कमी पडली तर आमदारांचा फोटो लहान करा, ती बाही कापू नका.

आपला,
निवृत्त हवालदार, तोफखाना
तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक